नवमीला धुतलेले पॅड

मोहन लोहार गोलकीपर झाला, कारण त्याला धड उभं राहता येत नव्हतं.

१९६७ च्या जानेवारीत, सहा वर्षांचा असताना, तो इचलकरंजीहून थेट अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला येऊन पडला. घरामागचं तळं गोठून फरशीसारखं झालेलं आणि गल्लीतली पोरं त्यावर स्केट घालून आइस हॉकीच्या रबरी चकतीमागं भिरभिरत होती. मोहनला दोन पावलं टाकता येईनात. पोरांनी त्याला ढकलत जाळीपाशी नेलं, हातात रुंद काठी दिली आणि सांगितलं, इथंच पडून राहा, चकती आली की अडव. तो पडून राहिला आणि आलेली अडवत गेला. पुढं स्केटिंग झकास जमलं, पण आधी पडायचं आणि मग अडवायचं, ही खोड काही सुटली नाही.

वडील राजाराम लोहार मोटारींच्या कारखान्यात टूलरूमला होते. पोराचं पहिलं छातीचं कवच त्यांनीच जुन्या सोफ्याचा फोम आणि रेक्झिन घेऊन दाभणानं शिवलं. आई सुलभाबाईंना मात्र हा खेळ कधी पटला नाही.

"दुनिया दगड आला की बाजूला हुती," त्या म्हणायच्या, "आन् ह्यो मुद्दाम आडवा जातोय. वर म्हणतोय, ह्याचीच नोकरी करणार."

नोकरीही लागली. १९८३ साली, बाविसाव्या वर्षी, तासाभरावरच्या एका कारखान्यांच्या गावातल्या संघानं मोहनला बोलावलं. धंदेवाईक हॉकीतली ही अगदी खालची पायरी होती. आठ-आठ तास बसचा प्रवास, वाटेत थंडगार सँडविच. तरी धंदा तो धंदा. घोळ एवढाच, की एक जुना गोलकीपर पक्का होता आणि उरलेल्या एका जागेवर दोघे होते, मोहन आणि ल्यूक नावाचा एक उंच पोरगा.

निवड होती कोच मरेच्या हातात. नाक तीनदा मोडलेलं, तोंडात कायम दात कोरायची काडी. पाच आठवडे तो मोहनला एकच गोष्ट सांगत होता.

"लोहार, शॉट सुटायच्या आधीच तू मेलेला असतोस. उभा राहा. जाळीपुढं कपाट ठेवलं तर तेसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त अडवेल." शुक्रवारी सराव संपल्यावर त्यानं काडी काढली. "उद्या संध्याकाळी तू खेळशील. सोमवारी दोघांतल्या एकाला मी घरी पाठवणार."

मोहनच्या पायांवर बांधायच्या पॅडचा एक पट्टा उसवला होता. वडिलांकडून शिवून घ्यायला म्हणून तो सगळं सामान घरी घेऊन आला. रात्रीत पट्टा शिवून झाला.

शनिवारी नेमकी खंडेनवमी होती. लोहारांच्या घरात ह्या दिवशी हत्यारं पुजायची, मग घर मिशिगनात असलं म्हणून काय झालं. पहाटे उठून सुलभाबाईंनी गॅरेजमधलं टेबल आवरलं, हॅकसॉ, गिरमिट, व्हर्नियर पुसून ओळीनं मांडले. मग त्यांची नजर पोराच्या सामानावर गेली. त्याचं हत्यार ते हेच की.

मोहन दहाला उठून खाली आला.

"आई, माझे पॅड्स कुठे आहेत?"

"धुतले."

"धुतले म्हणजे?"

"टबात घालून. दोन पाणी काढलं. पयलं पाणी चहावानी निघालं बघ."

"आई, ते लेदर आहे. यू कान्ट वॉश दॅट."

"मग काय पारोश्या हत्याराची पूजा करू? बाबांचं गिरमिट बघ, कसं लखलखतंय."

राजारामभाऊंनी पॅडवर अंगठा दाबला. चुळकन पाणी आलं.

"आत हरणाचे केस भरलेले असतात," ते म्हणाले. "वाळायला चार दिवस लागतील."

"मला चार वाजता निघायचंय, बाबा. आज नीट नाही झालं, तर इट्स ओव्हर."

सुलभाबाईंचा चेहरा उतरला. "मला काय म्हाईत," त्या हळूच म्हणाल्या, "आत हरीण हाय ते."

मग घरातले सगळे पंखे गॅरेजात आले. सुलभाबाई केस वाळवायचं यंत्र घेऊन एका पॅडपुढं मांडी घालून बसल्या, ते तापून बंद पडेपर्यंत उठल्या नाहीत. तीन वाजता राजारामभाऊंनी बाथरूमच्या काट्यावर पॅड ठेवले. जवळजवळ दुप्पट भरले.

पूजा मात्र झाली. झेंडूच्या जागी दारातली पिवळी शेवंती आणि सगळ्या हत्यारांना हळदकुंकू. मोहनच्या पांढऱ्या मुखवट्याच्या कपाळावर कुंकवाचं मोठं बोट उठलं. तो सामान पिशवीत भरायला लागला तशा सुलभाबाई पुन्हा आडव्या आल्या.

"पुजलेलं हत्यार आज हलवत न्हाईत."

"तो लढायला निघालाय," राजारामभाऊ म्हणाले. "तलवार घरी ठेवून जाईल?"

सुलभाबाईंनी विचार केला. "मग मीबी येते. पॅड माझ्याच हातनं भिजलंत."

सोळा वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिला नव्हता.

तिसऱ्याच मिनिटाला चकती आली आणि मोहन सवयीनं पडला. पहिला शॉट अडला, पण पायांना जणू दोन पोती बांधलेली. तो गुडघ्यावर यायच्या आत समोरच्यानं चकती उचलून त्याच्या डोक्यावरून आत टाकली. शून्य-एक.

उठता उठता मोहनला एवढं कळलं, की आज खाली गेलो तर वर येत नाही. त्यानं पाय रोवले. पुढच्या शॉटला सगळं अंग म्हणत होतं, पड. तो पडला नाही. चकती छातीवर आदळली. त्याच्या पुढची खांद्यावर. उभं राहिल्यावर त्याला एक नवीन गोष्ट दिसायला लागली. मारणाऱ्याची काठी दिसत होती, आणि काठीवरून चकती कुठं येणार तेही. आजवर त्यानं बहुतेक सामने जमिनीवरूनच पाहिले होते.

दुसऱ्या सत्रात पंचानं शिट्टी मारून खेळ थांबवला आणि तो घसरत मोहनपाशी आला.

"रक्त येतंय तुला."

मोहननं मुखवटा काढला. मुखवट्याच्या कपाळावरचं कुंकू उडालेल्या बर्फाच्या पाण्यानं ओघळून हनुवटीपर्यंत आलं होतं.

"नाही, हे आईनं लावलंय."

पंचानं मुखवट्याकडं पाहिलं, मोहनकडं पाहिलं. "आईला सांग, पुढच्या वेळी जरा कमी लाव."

तिकडं प्रेक्षकांत सुलभाबाई जाड कोटावर शाल घेऊन ताठ बसल्या होत्या. शॉट आला की त्या "धर, धर" म्हणायच्या आणि अडला की शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थाप मारायच्या. तिसऱ्या सत्रापर्यंत ती बाईही "धर, धर" म्हणायला लागली होती.

सामना तीन-एकनं जिंकला. मोहननं एकतीस शॉट अडवले, त्यातले तीस उभ्यानं.

मरे कपडे बदलायच्या खोलीत आला. "पाच आठवडे मी घसा फोडला. आज डोक्यात शिरलं?"

मोहन पॅड सोडत होता. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. "हो, कोच. आज शिरलं."

सोमवारी ल्यूकनं सामान बांधलं. पंधरवड्यात त्याला ओहायोतल्या एका संघानं घेतलंही. मोहन राहिला. पॅड वाळले, पण उभं राहण्याची सवय आता अंगात मुरली होती. त्याच संघात त्यानं सहा मोसम काढले. वरच्या संघाचं बोलावणं एकदाच आलं, एका आठवड्यापुरतं. सातही दिवस त्यानं बाकावर बसून खेळाडूंसाठी बर्फावर जायचं दार उघडलं आणि लावलं. ते दार फार चांगल्या प्रतीचं होतं, असं तो घरी येऊन सांगायचा.

भिजलेल्या पॅडची खरी गोष्ट त्यानं मरेला १९८७ मध्ये सांगितली, एका लांबच्या बसप्रवासात. मरेनं तोंडातली काडी काढली. मग म्हणाला, "म्हणजे ते श्रेय माझं नव्हतं." आणि पुढच्या थांब्यापर्यंत एकटाच हसत होता.

१९८८ च्या खंडेनवमीला सकाळी सुलभाबाई गॅरेजात हत्यारं पुसत होत्या. दारात गाडी थांबली. मोहन उतरला, त्याच्या मागं मरे. दोन्ही काखांत एकेक पॅड.

"हे कुणाचे?" सुलभाबाईंनी विचारलं.

"नवीन गोलकीपर आलाय, त्याचे," मोहन म्हणाला. "तो पण शॉटच्या आधीच पडतो. कोच विचारतोय, धुऊन देशील का?"

सुलभाबाईंनी पॅड घेतले, वास घेतला आणि तोंड फिरवलं. मरे टब भरायला चिखलाच्या बुटांसकट बाथरूमच्या दिशेनं निघाला होता.

"देते की," त्या म्हणाल्या. "पर त्येला म्हणावं, आधी बुटं काढ."