ब्लूजच्या मागं आबांची झील

ग्रुपवाल्यांनो, आज सकाळी आमच्या घरात काय झालं ते ऐकाच. आणि हसू नका.

रंकाळ्यावरच्या भेटीत तुमच्यापैकी एकानं मला ब्लूजची सीडी दिली होती. अमेरिकेतल्या मिसिसिपीकडची ही दुःखाची गाणी; जुना गायक, एक माणूस आणि एक गिटार. त्याच्या या रेकॉर्डिंगवरच पुढचे कितीतरी गिटारवाले शिकले. ती मी लावली, तर आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी येऊन बसले.

आबा तीस वर्षं शाहिराच्या मागं उभं राहून झील धरायचे. शाहिराची ओळ संपली की ‘जी जी रं जी’ यांचं. दोन वर्षांपूर्वी शाहीर वारले आणि आबांनी गाणंच सोडलं.

मला वाटलं, आता म्हणतील, बंद कर ते रडगाणं. ते म्हणाले, "गडी एकटाच गातोय की. मागं झील धरायला कोण न्हाय व्हय?"

पुढची ओळ संपली आणि आबांनी कानावर हात ठेवून खणखणीत ‘जी जी रं जी’ लावलं. आई लाटणं घेऊनच बाहेर आली.

गाणं संपल्यावर म्हणाले, "परत लाव. मगाशी जरा उशिरा धरली."

तर मंडळी, असे एकटे गाणारे अजून कुणाकडं हायत? घेऊन या. आमच्याकडं झीलकरी हाय!