गाडी उशिरा वळते

पंधरा दिवसांची रजा काढून मी रत्नागिरीला आले, त्याला त्या पावसाळ्यात चौदा महिने झाले होते. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय काठीच्या आधाराने आला, हात तेवढा मागे राहिला. पुण्यातल्या माझ्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली. सगळे म्हणाले, किती चांगली कंपनी. मीही म्हटलं. मग पुढच्या खोलीत अप्पांची कॉट, आईचं शिवणयंत्र, दोरीवरचे न वाळणारे कपडे आणि मी, असा संसार सुरू झाला. गल्लीतलं प्रत्येक माणूस खिडकीशी थांबून विचारायचं, अजून हायस काय गो? जणू मी उतरायचा स्टॉप चुकवून पुढे आलेली प्रवासी.

फिजिओथेरपिस्टने अप्पांना दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी मांजरीला दिला. चेंडू खेळायचं आपलं वय नाही, म्हणाले. तीस वर्षं त्यांनी मिरजोळ्याच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवली होती. तेव्हा मला वाटलं, यांच्या हातात चेंडू नाही, स्टिअरिंग द्यायला हवं. त्यातून पुढचं सगळं झालं. खाई त्याला खवखवे, म्हणून सांगून टाकते की कल्पना माझीच होती.

कंपनीच्या लॅपटॉपवर खेळ चालवायची सोय नव्हती. माळ्यावर माझा जुना लॅपटॉप होता, एके काळी खेळांसाठीच हौसेने घेतलेला. विंडोजच्या नव्या आवृत्तीने त्याला वयात बसत नाही म्हणून नापास केलं होतं. मी तो पुसला, त्यावर लिनक्स चढवलं आणि बस चालवायचा एक खेळ घेतला. कोणाकडून तरी जुनं चाक आणि पेडलं मिळवली, चाक शिवणयंत्राच्या फळीला पकडीने घट्ट बसवलं. आईने माझ्याशी अबोला धरला.

पहिल्या दिवशी काळा पडदा. विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर चालवायचा तर मध्ये प्रोटॉन नावाचा दुभाषी लागतो, त्याची दुसरी आवृत्ती लावल्यावर पडदा उजळला. मग बस रांगायला लागली. लॅपटॉपमध्ये चित्रं काढणाऱ्या चिप दोन होत्या, एक दणकट आणि एक कामचलाऊ, आणि खेळ इमानेइतबारे कामचलाऊवर चालत होता. तेही सरळ केलं. अप्पा कॉटवरून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एक दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि आईकडून तिच्यावर तीन रकाने आखून घेतले.

ही दोषवही. कारखान्याच्या गॅरेजात प्रत्येक बसची एक असे. पहिल्या रकान्यात ड्रायव्हरने दोष लिहायचा, दुसऱ्यात मेकॅनिकने काय दुरुस्ती केली ते लिहून सही करायची, तिसऱ्यात ड्रायव्हरने गाडी चालवून बघून सही करायची. तिन्ही रकाने भरल्याशिवाय अप्पा गेटबाहेर बस काढत नसत, मग शिफ्ट चुको नाहीतर साहेब ओरडो. खोटी सही करणाऱ्याने आधी आपली पोरं त्या गाडीत बसवावीत, असं ते म्हणत. लहानपणी सुट्टीत त्या गाडीत बसणारं पोर मीच होते, त्यामुळे हे वाक्य मला पाठ होतं.

तेव्हा मी मेकॅनिक झाले. अप्पा डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात दोष लिहायचे. पहिला दोष: सर्व वाहने उलट बाजूने येतात. खेळातलं शहर परदेशी होतं, वाहतूक डावीकडून करून दिली. दुसरा: चाक थोडे फिरवले तरी गाडी गरकन फिरते. लिनक्सने त्या चाकाला खेळाची साधी दांडी, म्हणजे जॉयस्टिक, समजून त्याचा फेरा फार लहान धरला होता, तो वाढवला. वीज गेली की बस अडखळायची, कारण बॅटरीवर लॅपटॉप काटकसर करत होता. पंख्यात धूळ होती, ती आईच्या शिवणयंत्राच्या ब्रशने काढली. खेळ नीट चालतोय का ते कळावं म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात मी एक आकडा लावला होता, सेकंदाला किती चित्रं उमटतात तो. अप्पांना तो वेगाचा काटा वाटला. आकडा साठवर दिसला की ते पेडलवरून पाय काढायचे. शहरात साठ कशाला, म्हणायचे. पाय काढूनही आकडा साठच राहायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी वहीत आलं: वेग कमी होत नाही. त्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसलो. आईचा अबोला तेव्हाच सुटला.

ते दिवस खरंच बरे होते. रोज दुपारी तासभर उजवा हात चाकावर, डावा मांडीवर, हा फिजिओथेरपिस्टचा नियम. त्या परदेशी शहरातल्या मोठ्या सर्कलला अप्पांनी रत्नागिरीतल्या सर्कलचं, मारुती मंदिर, हे नाव दिलं होतं आणि एका ट्रामच्या थांब्याला साळवी स्टॉप.

दोष एकेक करून संपले. एकच उरला: गाडी उशिरा वळते.

मी तोही मशीनचाच धरला. खेळाची चित्रं पडद्याशी जुळवून घेताना थोडा वेळ जातो, ते जुळवणं बंद केलं. नवीन रस्त्यावर पहिल्यांदा गेलं की खेळ चित्रांची तयारी करतो आणि अडकतो, म्हणून सगळे रस्ते आधी मीच चालवून ठेवले. माझ्या हातात बस लोण्यासारखी वळायची. अप्पांच्या हातात सर्कल आलं की फुटपाथवर. दुसऱ्या दिवशी वहीत तेच वाक्य.

शेवटी एका दुपारी खेळ बंद करून मी चाकाची चाचणी घ्यायची छोटी खिडकी उघडली. तिच्यात नुसता एक आकडा असतो. चाक मध्ये असलं की शून्य, फिरवलं की पळतो. मी फिरवलं, आकडा हातासरशी पळाला. मग अप्पांना फिरवायला सांगितलं.

“फिरवला,” अप्पा म्हणाले.

आकडा शून्यावर होता. अप्पांची मान वळली होती, खांदाही वळला होता, हात तिथेच होता. मी मनात एक म्हटलं, दोन म्हणायला लागले, तेव्हा हात निघाला आणि त्याच्याबरोबर आकडा. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. त्या हाताला स्पर्श नीट कळत नव्हता, तो हलला की नाही हे त्यांना हाताकडून समजतच नव्हतं. त्यांनी मनात हात फिरवला की त्यांच्या लेखी तो फिरलेला असायचा. मग बस वळली नाही तर दोष बसचाच.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट फाटकाशी आईला आणि मला म्हणाले होते की हातात जेवढं यायचं तेवढं बहुतेक येऊन गेलं आहे. आईने मला बजावलं होतं, त्यांना सांगू नको. आणि इथे अप्पा माझ्याकडे बघत होते, गॅरेजात मेकॅनिककडे बघतात तसे, दोष सापडला काय म्हणून विचारत. मी म्हटलं, सापडला, पडद्याच्या सेटिंगमध्ये आहे. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: सेटिंग बदलले, ओके. आणि सही केली.

तिथून पुढे माझी पुरती कोंडी झाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अप्पा रोज लिहायचे, गाडी उशिरा वळते, आणि मी रोज काहीतरी दुरुस्त करायची. प्रोटॉन बदलला, साठलेल्या फायली पुसल्या, एकदा तर सगळं लिनक्स पुन्हा चढवलं. सगळी खरीखुरी कामं, आणि त्यातलं एकही लागू पडणार नाही हे मला ठाऊक. एकदा अपडेट करताना लॅपटॉप खरोखरच बंद पडला. दोन दिवस तो चालू होईना आणि त्या दोन दिवसांत मी चक्क आनंदात होते, कारण दोष खरा होता. तिसऱ्या दिवशी तो चालू झाला आणि अप्पांनी वही मागितली.

मला राग यायचा. ओल्या कपड्यांचा, आईच्या बजावण्याचा, अप्पांच्या त्या चिकाटीचा. माणसाने एखाद्या दिवशी तरी म्हणावं की जाऊ दे, आज नको. ते म्हणत नसत. तशात कंपनीचं पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ऑफिसला हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. मी ते फक्त आईला दाखवलं. जायचं तर मनात होतं, फार होतं. पण मी गेले तर मशीन कोण दुरुस्त करणार, असं अप्पा विचारतील आणि मग मला खरं सांगावं लागेल, हे भय जाण्याच्या इच्छेपेक्षा मोठं होतं. मी राजीनामा लिहून ठेवला, पाठवला नाही. दोन खोल्यांच्या घरात आई स्वयंपाकघरात डोळे पुसते ते कॉटवरून दिसतं आणि अप्पा तिच्याकडून कारण काढून घेतील, एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

महिना संपायला आठवडा राहिला असताना एका सकाळी मी बाजारातून बांगडे घेऊन आले. पुढच्या खोलीतून बसच्या इंजिनाचा आवाज येत होता. अप्पा एकटेच बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि चाकावर डावा. मी दारातच उभी राहिले. बस मारुती मंदिराशी आली, अप्पांनी वेग कमी केला, आणि तिने सर्कलला असं देखणं वळण घेतलं की मागच्या बाकावर झोपलेल्या माणसाची मानही हलली नसती. साळवी स्टॉपला त्यांनी गाडी लावली, ब्रेक ओढला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

वही शिवणयंत्राच्या खणावर उघडी होती. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं: डाव्या हाताने चालवून पाहिली. गाडी ओके. दोष ड्रायव्हरच्या उजव्या हातात.

मी पिशवी खाली ठेवली. त्यांना केव्हा कळलं, विचारलं.

“झाले तीन आठवडे. तू अशीच बाजारात गेली होतीस.”

“मग रोज दोष कशाला लिहीत होतात, अप्पा?”

“नाय लिहिला तर तू थांबशील कशाला?” ते म्हणाले. “मेकॅनिकला काम नको?”

मला आधी रागच आला. तीन आठवडे मी त्यांना फसवत होते आणि ते मला, आणि दोघांनीही त्या वहीत खोटं लिहिलं होतं. मग राग गेला आणि मला रडू आलं. इतके दिवस मी त्यांच्यापायी अडकले म्हणत होते, आणि ते मला अडकवून ठेवण्यासाठी रोज डाव्या हाताने तेच वाक्य गिरवत होते. याची त्यांना माझ्याहून जास्त लाज वाटत होती, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

“हा लिहिलाय तो खरा हाय, बाय,” ते म्हणाले. “सही कर.”

पेन त्यांच्या उजव्या मुठीत धरलेलं होतं. ते मला देण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, म्हणजे मनात केला. मान माझ्याकडे वळली, खांदा वळला. मी पेन ओढून घेतलं नाही. मनात एक म्हटलं, दोन म्हणायला लागले, तेव्हा हात निघाला आणि पेन माझ्यापर्यंत आलं. दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं, तपासले, खरे आहे, आणि सही केली. तिसऱ्यात त्यांनी केली.

“कधी निघतंस?” त्यांनी विचारलं.

रविवारी, मी म्हटलं. पण तो शब्द तोंडातून बाहेर यायला अप्पांच्या उजव्या हातापेक्षाही जास्त वेळ लागला, आणि तेवढा वेळ ते थांबले.