हळद झेललेला डबा

चालू मशीनच्या वायरी उपटून रोहिणीताई म्हणाली, "आता बघू, कोण परत उठतं."

आज तिला जाऊन वर्ष झालं.
डेंग्यू. आठवड्याभरात सगळं संपलं.

फोटो टाकणार नाहीये. तिचा धड फोटोच नाही. प्रत्येकात ती खाली वाकून काहीतरी उघडतेय.

त्यापेक्षा तो रविवार सांगतो.

ताई दापोडीत आमच्याच गल्लीत राहायची. चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंगला होती. गाडीचे पार्ट तापवायचे, हलवायचे, धूळ मारायची, कधी मरतात ते बघायचं. "पार्टांना छळायचा पगार घेते मी," म्हणायची.

सुट्टीच्या दिवशी हाच छळ शाळांसाठी.

भीमाशंकरच्या बाजूला डोंगरात तळपे गुरुजींची शाळा आहे. लाइट नाही. पत्र्यावर एक सोलर पॅनल, खाली एक बॅटरी. त्यावर सर्व्हर चालवायचा होता. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, एक डबा. त्यात धडे, गोष्टी, व्हिडिओ. पोरांचे टॅब त्याला जोडायचे. नेट लागत नाही.

कोणता डबा घ्यायचा, एवढाच प्रश्न.

पण गुरुजी आमच्या गच्चीवर टेकले आणि पहिलंच वाक्य बोलले, "बाई, आधीचा कम्प्युटर बंद पडला. ह्यो बी पडला तर पॅनल देवळावर जानार. गावाचं ठरलंय. भजनाला उजेड पायजे."

म्हणजे चान्स एकच.

समोर दोन डबे. मोठा, पंख्यावाला, तो प्रसाद सरांचा. ते माण गावातल्या एका आयटी कंपनीत. त्यांच्या ग्रुपनं ऑफिसमधला जुना सर्व्हर शाळेला द्यायचं ठरवलेलं. दुसरा ताईचा. तळहाताएवढा, जाड अॅल्युमिनियमच्या खोक्यात. पंखाच नाही.

"मॅडम, फुकट मिळतोय," प्रसाद सर म्हणाले. "आणि पॉवर बघा की त्याची."

"पॉवरच बघतेय सर. हा दुपारपर्यंत बॅटरी पिऊन मोकळा होतो."

"मग अजून एक पॅनल देऊ."

"द्या," गुरुजी म्हणाले. "त्यो बी देवळावर जाईल."

ताईनं त्यांना विचारलं, "आधीचा कशानं मेला?"

"दसऱ्यानं."

कुणाला काही कळेना.

"खंडेनवमीला पूजा केली त्याची. हळद, कुंकू, तांदूळ. पंख्यानं समदं आत वढलं."

मला हसू आलं. ताई हसली नाही.

"आमच्या लाइनवर रोबोटला पण हार घालतात," ती म्हणाली. "लोक करणारच. ए लेखका, खाली जा. वैनींकडून हळद आण."

ताईकडे काय, आमच्याकडे काय, घरात बुद्धवंदना. पूजेची हळद कुठली? शेजारच्या वैनींनी वाटी भरून दिली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय रे, लग्न ठरलं का?"

ताईनं मूठ भरली आणि दोन्ही चालू डब्यांवर टाकली.

"अहो मॅडम, असं कोण करतं?"

"आमी करतो," गुरुजी म्हणाले.

सरांच्या डब्यानं हळद आत ओढली आणि मागून पिवळा धूर सोडला. पंख्याला घरघर लागली.
ताईचा डबा नुसता पिवळा झाला.

मग तिनं दोन्ही वायरी उपटल्या. शटडाउन वगैरे काही नाही. "बॅटरी संपली की तिथं असंच होणार. कोण बसलंय नीट बंद करायला?"

परत जोडल्या.

सरांचा डबा काळ्या स्क्रीनवर अडकला. कीबोर्डवरचं बटण दाबा म्हणे. डोंगरात कीबोर्ड कुठला आणायचा?

ताईच्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकला.

आणि गेला.

तिनं परत उपटली, परत जोडली.
काही नाही.

प्रसाद सर मोबाइलमध्ये बघायला लागले. गुरुजींनी पिशवी उचलली.

"माझी गाडी जाईल, बाई."

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

"बसा गुरुजी."

"आता काय बसू. देवळात तरी उजेड पडंल."

"बसा म्हणते ना."

ताई एवढ्या मोठ्यानं कधी बोलायची नाही. गुरुजी बसले.

तिनं डब्याचं पोट उघडलं, आतलं मेमरी कार्ड काढलं. "हे मेलं. लिहिता लिहिता करंट गेला की हे मरतं." सगळ्याची एक कॉपी तिच्याकडे छोट्या एसएसडी डिस्कवर होती. ती लावली. सेटिंग बदललं. आता डब्यानं फक्त वाचायचं, स्वतःहून काही लिहायचं नाही.

"करंट थोडा जास्त खाईल," ती म्हणाली. "पण मरणार नाही."

स्क्रू तिच्या हातातून सुटला, मी शोधून दिला. त्या उन्हात आम्ही सगळे एका हिरव्या दिव्याकडे बघत उभे.

लागला.

"आता तुम्ही उपटा, गुरुजी. माझ्यावर विश्वास नका ठेवू."

गुरुजींनी उपटली. जोडली. दिवा लागला.
परत उपटली, चालू होता होताच, जरा रागानंच. परत लागला.
मग ते उपटतच राहिले. प्रसाद सरांनीही हात धुऊन घेतले. डबा प्रत्येक वेळी उठला.

शेवटी गुरुजी म्हणाले, "बास आता. त्याला बी जीव हाय."

निघताना ताईनं एकच सांगितलं. "पूजा करा, मी नाही म्हणत नाही. फक्त त्याच्यावर हार नका घालू. पंखा नाहीये, अंगानंच गार होतो तो."

आज सकाळी गुरुजींचा फोन आला.

"बाईंचा फोटो ठिवलाय शाळेत, डब्याशेजारी. तुमी पाठवलेला, वाकलेला. पोरांनी हार घातला फोटोला."

"आणि डब्याला?"

"न्हाई. पोरं कुनालाच घालू देत न्हाईत. दसऱ्याला सरपंचाला बी अडवलं. म्हनली, बाईंनी सांगितलंय."

ताई, पॅनल शाळेच्याच पत्र्यावर आहे.

जय भीम.