देवराईला धोका कुणाचा

झाडं उभी ठेवून पैसे मिळवून द्यायचे, हा माझा वीस वर्षांचा धंदा. कोरेगावात आमच्या घरी निम्म्यांना वाटतं मी फॉरेस्टात गार्ड आहे, उरलेल्यांना वाटतं बँकेत कर्ज वाटतो. पगार वेळेवर येतो, म्हणून कुणी खोलात जात नाही. मीही जात नसे.

मग पाटणच्या वरच्या अंगाला एका देवराईचं काम आलं. जंगल इतकं दाट की ऊनसुद्धा आत अंग चोरून शिरतं, आणि जळवा अशा की सकाळी गेलेला गडी संध्याकाळी नुसता पायजमा म्हणून परत येतो. तिथली झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात, त्याबद्दल परदेशातली एक कंपनी गावाला दरसाल पैसे देणार होती. गावाला त्यातून पाण्याची टाकी हवी होती. उन्हाळ्यात बायका खालच्या झऱ्यावरून हंडे वर चढवत. गावानं सह्या केल्या की झालं, असं विश्रामबागेतल्या ऑफिसात पंख्याखाली बसून मीच छातीठोक सांगितलं होतं.

देवळासमोर गाव जमलं. फॉर्म वाचता वाचता एक रकाना आला : पैसे न मिळाल्यास हे जंगल कोण तोडेल?

"कोण तोडतंय?" म्हाताऱ्या गुरवानं विचारलं.

"तसं लिहावं लागतं, बाबा. धोका असेल तरच पैसे."

"आवं, हितली वाळकी काटकी चुलीत घालत न्हाई आमी."

"तीच तर पंचाईत आहे."

"म्हंजी राखली म्हणून पैसं न्हाईत, आन तोडतो म्हणलं की हायत?"

"नुसतं म्हणायचं. तोडायची नाहीत."

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

"लिवा की सायेब," सरपंचबाई म्हणाल्या. "माझं गुडघं गेलं हंडं वाहून."

"झाडं देवाची," गुरव म्हणाला. "देवाला इचारल्याबगार न्हाई."

कौल लावायचा ठरला. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "इचारा. अर्धा सवाल देव घेत न्हाई."

मी आजवर हत्तीच्या वजनाचे अहवाल लिहिलेत, पण तिथं एक सरळ प्रश्न जुळेना. शेवटी म्हणालो, "देवराईला धोका आहे का?"

वाट बघता बघता माझी दाढी बोटभर वाढली असावी. मग उजवी पाकळी पडली.

क्षणभर मी हरखलो. खुद्द देवाची साक्ष, याहून मोठा कागद कोणता? पण गुरवाचा चेहरा उतरला होता.

"दर साली ह्योच सवाल इचारतो आमी," तो म्हणाला. "आजवर डावीच पडली."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी मागं वळून पाहिलं, की आणखी कुणी आलंय का. कुणी नव्हतं.

रकाना अजून कोरा आहे. सरपंचबाईंचा दर सोमवारी फोन येतो, "लिवलं का?" मी म्हणतो, रेंज नाही. विश्रामबागेत, टॉवरखाली बसून.