चौथ्या प्रकरणातला साधक

सर नव्या पुस्तकाचं हस्तलिखित घेऊन आले, की पहिलं अक्षर टाइप होण्याआधी माझ्या कीबोर्डवर अक्षता टाकत. लक्ष्मी आणि सरस्वती एकाच वेळी प्रसन्न व्हायला हव्यात म्हणून. त्या दोघींचं काय झालं मला ठाऊक नाही, पण स्पेसबारखाली तांदूळ अडकून तो रुसायचा आणि संध्याकाळी चिमट्यानं दाणे काढत मला बसावं लागायचं. अंबरनाथ स्टेशनजवळच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका करून घेणाऱ्यांनीही कधी एवढा विधी केला नाही.

त्यांना सगळे सर म्हणत, पण त्यांनी कुठे शिकवलं नव्हतं. एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये ते कारकून होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले आणि विठ्ठलवाडीच्या दोन खोल्यांत बसून, अध्यात्मातून श्रीमंत कसं व्हावं यावर पुस्तकं लिहू लागले. 'शांत मन, भरला गल्ला' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. गाजलेलं म्हणजे गणपतीत दोन मंडळांनी रांगोळी स्पर्धेत बक्षीस म्हणून वाटलेलं. "ताई, गिऱ्हाईक हा आत्मा आणि माल ही माया, हे ठळक अक्षरात घ्या," असं ते सांगत आणि मी मुकाट्यानं घेत असे. माया विकून आत्म्याकडून पैसे घ्यायचे, असा एकूण व्यवहार होता.

अडचण एवढीच, की सर स्वतःही धंदे करत. प्रत्येक धंद्याचं व्हिजिटिंग कार्ड मीच बनवलेलं, म्हणून ते मला क्रमानं पाठ आहेत. आधी अगरबत्ती, मग मसाले, मग पालेगावात पिण्याच्या पाण्याचे जार. अगरबत्तीचे नमुने घेऊन ते उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे गेले आणि पिशवी न उघडताच निष्काम कर्मावर बोलत राहिले. शेवटी तो म्हणाला, "साईं, पहले माल दिखाओ, मोक्ष बाद में." हा किस्सा सर स्वतःच सांगून हसत. माल दाखवल्यावर काय झालं, ते मात्र सांगत नसत.

धंदा बसला, की वर्षभरात तो पुस्तकात उभा राहायचा. 'एका साधकाने पालेगावात जारच्या पाण्याचा व्यवसाय सुरू केला. रोज पहाटे जारांसमोर जप केला. आज त्याच्या दारात तीन टेम्पो उभे आहेत.' हे चौथं प्रकरण. तो साधक कोण, हे मला माहीत होतं. त्याचा एकुलता एक भाड्याचा टेम्पो मालक परत घेऊन गेला, हेही माहीत होतं. पण माझं काम काना-मात्रा तपासायचं होतं, सरांचे टेम्पो तपासायचं नव्हतं.

प्रुफं मी घरी आणायचे आणि तिथेच घात झाला. माझा नवरा विलास एमआयडीसीतल्या एका कंपनीत परमनंट होता. बदलापूरला खरवईत आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता आणि त्याचे हप्ते विलासच्या पगारातून जात. तो आधी प्रुफं वाचू लागला, मग खाली रेघा ओढू लागला, मग सरांना जाऊन भेटू लागला, मग पहाटे उठून डोळे मिटून बसू लागला. एका रविवारी म्हणाला, नोकरी सोडतो आणि पालेगावात जारचा धंदा टाकतो. राजीनामा मीच टाइप करायचा, कारण माझ्या हाताला यश आहे असं सर त्याला म्हणाले होते. मी सांगितलं, अहो, तो साधक म्हणजे सरच आहेत आणि तो धंदा कधीच बुडालाय. त्यावर तो म्हणाला, तू नुसतं टाइप करतेस, तुला त्यातलं काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी सर नव्या आवृत्तीच्या कामाला आले, तेव्हा मी कीबोर्ड बाजूला सारून सगळं सांगितलं. भेटल्यावर पाया पडणारा त्यांचा एकमेव वाचक म्हणजे विलास. तो घालवणं त्यांना सोपं नव्हतं, हे मलाही कळत होतं. सर अक्षतांची पुडी न सोडताच उठून गेले. मी फार चिडले. दुसऱ्याचं घर बुडत असताना यांना मौन सुचतंय, असं वाटलं.

पुढच्या रविवारी ते आमच्या घरी आले. विलास पाया पडायला वाकला, तर मागे सरकले.

"विलासराव, चौथ्या प्रकरणातला साधक मी आहे," ते म्हणाले. "टेम्पो-बिम्पो काही नाही. पावसाळ्याच्या आत सगळं बंद पडलं. आमच्या मंडळींच्या पाटल्या गेल्या त्यात. नोकरी सोडू नका."

विलासनं विचारलं, मग जपाचं काय?

"जप केला होता. तेवढं खरं आहे."

"मग असं लिहिलंत कशाला?"

"लिहिताना बरं वाटायचं हो. तिथे तरी धंदा चालायचा."

मला भरून आलं. इतकी वर्षं ज्यांच्यावर मनातल्या मनात हसत आले, ते सर त्या दिवशी मला माझ्या माणसासारखे वाटले. विलास मात्र उठून गॅलरीत गेला, तो सर चहा पिऊन निघाले तरी आत आला नाही.

राजीनामा टाइप झाला नाही. विलासनं सरांची सगळी पुस्तकं रद्दीत घातली. सरांनीही पुन्हा हस्तलिखित आणलं नाही. कधीतरी झेरॉक्सचं निमित्त काढून दुकानात येत आणि एवढंच विचारत, "विलासराव जातात ना ड्युटीला?" मी हो म्हटलं, की निघत. पुढे ते लेकीकडे नाशिकला राहायला गेले. निघण्याआधी आम्हा दोघांना भेटायला बोलावलं होतं, मी एकटीच गेले. नाशिकलाच गेल्या वर्षी ते वारले. बातमी कळली तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडून घेतलं.

फ्लॅटचे हप्ते आता फिटलेत. विलास अजून त्याच कंपनीत आहे, सुपरवायझर झालाय. सरांचा विषय निघाला, की चारचौघांत सांगतो, एक नंबरचा थापाड्या माणूस होता. मी काही बोलत नाही, कारण ते खरंच आहे. सर आयुष्यभर थापा मारत आले, तोवर विलास त्यांच्या पाया पडत होता. एकदाच खरं बोलले, आणि तेवढं त्यानं त्यांना कधी माफ केलं नाही.