आंजीची उंदीरवाली

आंजी गावात अंकिताला कुणी संशोधक म्हणत नाही, ‘उंदीरवाली’ म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. सावंगीकडच्या एका प्रयोगशाळेत ती गाभण उंदरिणीच्या पोटातल्या पिल्लांची हृदयं सोनोग्राफीवर बघते. उंदरिणीला गुंगी द्यायची, उबदार पाटावर उताणं निजवायचं, पोटावर कोमट जेल लावायचं आणि स्क्रीनवर तिळाएवढं हृदय शोधायचं. मधला पडदा कसा जुळतो आणि कुठे छिद्र राहून जातं, हेच तिच्या संशोधनाचं काम. हात एकदम स्थिर. तोंडाचं मात्र तसं नाही, ते आधी सुटतं.

सोनोग्राफी म्हटलं की काहींच्या मनात एकच प्रश्न येतो. तो विचारायला आलेले दोघं-तिघं तिची बोलणी खाऊन परत गेले होते. म्हणून एका रविवारी किराणा दुकानवाल्या सुमित्राबाई पदराखाली डबा झाकून आल्या, तेव्हा अंकिताने काय ते ओळखलं. त्यांची सून गुंजन पुन्हा पोटुशी होती. पहिला मुलगा माहेरी जन्मला आणि काही दिवसांतच गेला. न्यूमोनिया झाला, असं गावात सांगत. आता मुलगाच हवा असणार, आणि डब्यात त्याचीच लाच.

“तुह्या मशीनवर गुंजनले पाहून देशीन का, पोरी?”

“काकू, पोरगं हाये का पोरगी, हे मी सांगत नाई. कायदा नसता तरी सांगतलं नसतं. अन् तो डबा वापस घेऊन जा.”

सुमित्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मले ते नाई पाह्यचं. पह्यल्याच्या दिलात छेद होता. लोकं गुंजनले नावं ठेवतीन म्हणून न्यूमोनिया सांगतला. तू छेदच पाह्यतं ना रोज?”

अंकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हातपाय गाळून बसणारी ती नव्हे. “काकू, चुकलं माह्यं,” ती म्हणाली. मग समजावून सांगितलं: तिचं मशीन बारीक बघतं, पण खोल बघत नाही, उंदरिणीच्या पोटाला पुरतं, बाईच्या पोटाला नाही. मात्र पोटातल्या बाळाचं हृदय तपासणारे डॉक्टर वर्ध्यात आहेत. “मी संग येतो. छेद असला तरी आधी कळलेला बरा, उपाय करता येते.”

त्याच आठवड्यात ती दोघींना घेऊन गेली. गुंजनचा हात हातात धरून स्क्रीनकडे बघत राहिली. रोजच्या तिळापुढे हे हृदय केवढं तरी मोठं होतं, आणि तरी तिचाच जीव टांगणीला लागला. डॉक्टर बोलायच्या आधी तिला दिसलं. चारही कप्पे नीट होते, मधला पडदा सलग होता. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गुंजन हसता हसता रडायला लागली.

बाहेर आल्यावर सुमित्राबाईंनी पिशवीतून तोच डबा काढला. आत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ होता.

“हे तुह्या उंदरिणीसाठी होतं,” त्या म्हणाल्या. “तेबी पोटुशीच हाये. तिच्याकडं रिकाम्या हातानं कसं जावं?”

उंदरांना बाहेरचं खाणं चालत नाही, हे सांगायला अंकिताने तोंड उघडलं. मग तसंच मिटलं आणि दोन्ही हातांनी डबा घेतला.