राणीची गढी आणि चौसाळ्याचा संन्यासी

किस्से काय ठरवून जमत न्हाईत राव. त्या साली आमच्या केजात नळाला पाणी न्हवतं, तलावात नुसती ढेकळं होती, पण किस्से मात्र इतके साठले की कुठून सुरू करावं तेच कळंना! अन् सगळे एका खेळातले.

खेळ म्हंजे ऑनलाइन. जादूगार, ड्रॅगन, गढ्या, राजदरबार, सगळं त्यात. पण आमी नुसती मारामारी करणारे न्हवतो, आमी रोलप्लेवाले! जे पात्र घेतलं त्याच्यासारखंच बोलायचं. मधीच "थांब बे, दूध उतू चाललंय" असं म्हणलं की इज्जत गेली.

मी दूध संस्थेत कॉम्प्युटरवर. दुष्काळानं दूध आटलं, माझ्या दुपारी मोकळ्या झाल्या. खेळात मी जादूगार. मिलिंद शाळेवर मास्तर, सव्वासहा फूट उंच, अन् खेळात बुटका, नाव पर्वतपुत्र! चकलांब्याची सुवर्णाताई आमची राणी. तिघांनी मिळून गिल्ड काढलं, म्हंजे टोळी. हळूहळू बाकीचे सभासद आले.

अन् त्याच साली दरबाराचा फतवा निघाला: ज्या गिल्डकडं स्वतःची गढी न्हाई ते बरखास्त! शिल्लक गढी एकच, अन् ती दरबारच्या सरदारांच्या, म्हंजे जुन्या खेळाडूंच्या, मतदानानं मिळणार. सुवर्णाताईनं मला फोन लावला. "सचिन, दिवसभर मी कुणाची सून, कुणाची आई. तितंच फकस्त मी राणी हाय रे," म्हणाली. मला लई वाईट वाटलं.

*

मिलिंद पात्रात शिरला की बाहेरच येत न्हाई. एका सुट्टीच्या सकाळी खेळत बसलेला, तेवढ्यात गल्लीत टँकर आला. नेहमीसारखी ढकलाढकली, शिव्या, हंड्यावर हंडे. आईनं हाक मारली तसा हा तंद्रीतच बाहेर आला अन् मधोमध उभा राहून गरजला, "थांबा! ह्या पाण्यावर पर्वतपुत्राचा पहारा हाय! आधी म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या, बाकी मागं!"

बाया आपसूक रांगेत! त्या दिवशी पहिल्यांदा बिगर भांडणाचं पाणी वाटलं गेलं. पुढच्या खेपेला टँकर दिसताच बाया ह्याच्या दारात. "मावशी, पर्वतपुत्र हायेत का घरी?"

"हाय की," आई म्हणाली. "पण त्याला म्हणावं, आधी आपला हंडा उचल!"

*

सुवर्णाताई फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. हात भाकरीत, कानात हेडफोन, अन् हुकूम माइकवर. एकदा लढाई ऐन रंगात आली अन् ताई ओरडली, "घेरा! एकबी जित्ता सुटला न्हाई पाह्यजे!"

मागं सासूबाई उभ्या! आमाला सगळं ऐकू येत होतं.

"काय चाललंय गं?"

ताई म्हणाली, "आत्याबाई... लढाई हाय."

सासूबाई म्हणे वाकून फोनकडं बघत बसल्या. आता फोन गेला चुलीत, असं आमी धरूनच चाललो. तेवढ्यात आवाज आला, "मग समोरून कशापायी जाते? मागं मोकळं हाय की! मागून घाल माणसं!"

घातली. जिंकलो! त्या दिवसापास्नं "आत्याबाई काय म्हणतात?" विचारल्याबिगर आमी लढाईला गेलो न्हाई.

*

गढीचं काय करायचं म्हणून आमी खेळातच सभा बोलावली. मिलिंद चेअरमन. नदीकाठी सभासद जमले, विषय वाचून झाला, अन् वरून ड्रॅगन आला! अर्धे सभासद पसार.

मिलिंद शांत. "कोरम गेला. सभा अर्धा तास तहकूब. पुन्हा ह्याच जागी भरंल, तवा कोरम लागत न्हाई."

"चेअरमन, तो आग ओकतोय! जागा बदलू!"

"जागा बदलली तर सभा बेकायदा!"

मग काय, खडकामागं बसलो अर्धा तास. माझा झगा जळाला. शेवटी ड्रॅगनच कंटाळून उडून गेला. सभा भरली अन् पहिला ठराव एकमतानं मंजूर: ड्रॅगनला पळवून लावल्याबद्दल सभासदांचं अभिनंदन! गढीचा विषय ऱ्हाऊनच गेला.

*

अन् मग मामा आले. माझे सख्खे मामा, चौसाळ्याचे, तिथल्या सोसायटीचे जुने चेअरमन. गावात टँकरबी येईना, सोसायटीवर प्रशासक बसलेला, म्हणून आमच्याकडं राहायला आलते. निवडणूक न्हाई म्हणून माणूस पार सुकून गेलता.

माझ्या मागं खुर्ची टाकून त्यांनी दोन दिवस खेळ बघितला. मग विचारलं, "मतं किती?"

"अकरा सरदार हायेत मामा. आपले पक्के चार. समोर पुण्याचा गरुडराज, लई मोठं गिल्ड, सोनं वाटतोय."

"अन् मतदार सध्या कुठं हायेत?"

"आपापल्या घरी."

"घरी?" मामांनी कपाळावर हात मारला. "मतदान तोंडावर आलंय अन् मतदार घरी ठिवलेत? निवडणूक लढता का चेष्टा करता बे?"

त्यांनी लगेच पात्र घेतलं, संन्याशाचं. ते बोलायचे, मी टाइप करायचो. सरदार सगळ्या मुलखातले, म्हणून मामांची हिंदी! "चलो रे सरदारहो, बेट के देव का दर्शन करके आते!" आपले चार अन् कुंपणावरचे तीन, असे सात सरदार जहाजात चढले. बेटावर जाणारं जहाज एकच, अन् धक्क्यावर मिलिंदचा पहारा!

बेटावर रोज मेजवानी, रोज शिकार, गाणी, अन् राणी स्वतः वाढायला. इकडं गरुडराजाची माणसं सोनं घेऊन घरोघर फिरली. दारं बंद!

मतदानाच्या दिवशी जहाज थेट दरबाराच्या घाटाला लागलं. पुढं मिलिंद, मागं मामा, मधी सात सरदार एका रांगेत. इकडं-तिकडं बघायची सोय न्हाई! सात विरुद्ध चार. गढी आमची!

माइकवर सुवर्णाताई रडायलाच लागली. "माझी गढी! आत्याबाई, माझी गढी!" सासूबाईंनी म्हणे चकलांब्यात पेढे वाटले. कशाचे, ते कुणालाच सांगितलं न्हाई.

मी आनंदानं ओरडत होतो, तेवढ्यात गरुडराजाचा मेसेज आला. एवढ्या दिवसांत त्या माणसानं कधी पात्र सोडलं न्हवतं. त्या दिवशी सरळ मराठीत लिहिलं, "महाराज, तुम्ही नक्की कुठले?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "लिही. आमी डोंगरातले संन्यासी. मुक्काम पोस्ट चौसाळा, तालुका जिल्हा बीड."

पलीकडून उत्तर आलं, "काका, आधी सांगायचं ना! मी फॉर्मच भरला नसता!"